चर्चचं पाणी जातं कुठे

बेथेल चर्चच्या पार्किंगमधल्या खड्ड्यात एका रविवारी मिसेस हाउटमन यांचा बूट गेला. बाई वाचल्या, बूट गेला. उपासनेनंतर खालच्या हॉलमध्ये सगळे कॉफीला जमले तेव्हा त्या एकच बूट घालून बसल्या होत्या, आणि चिखलाने माखलेला दुसरा पाय त्यांनी समोरच्या खुर्चीवर असा ठेवला होता की चर्चच्या प्रत्येक विश्वस्ताला तो दिसावा. लेस्टर बाउमाला तो दिसला. नुसता बघून तो गप्प राहिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो म्हणाला, "त्यात काय एवढं? एकदा डांबर घालून टाकलं की झालं."

हॉलमध्ये शांतता पसरली. चर्चमध्ये अशी शांतता पसरली की समजावं, कोणाच्या तरी गळ्यात काहीतरी पडणार आहे. कॉफी संपायच्या आत पार्किंग समिती स्थापन झाली आणि लेस्टर तिचा अध्यक्ष झाला.

खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंच वाटलं. ओल्ड ड्रेंट गावच्या हायस्कूलमध्ये तो उपमुख्याध्यापक होता, आणि नुकताच निवृत्त झाला होता. त्याच्या बुटांचा आवाज आला की कॉरिडॉर आपोआप रिकामा व्हायचा. निवृत्तीनंतर रिकामं करायला कॉरिडॉरच उरला नव्हता. घरी बायको ट्रूडी होती, पण ती बुटांचा आवाज ऐकून "बूट दाराशी काढ" एवढंच म्हणायची.

समितीत आणखी दोघे होते. एक जण हिवाळ्यासाठी फ्लोरिडाला गेला होता आणि तिथूनच परतीचा विचार करत होता. दुसरे हिल्बर्ट डायकेमा, वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर ट्रॅक्टर विकलेले. पहिल्याच बैठकीत लेस्टरने विचारलं, "पावसाचं पाणी सध्या कुठे जातं, हिल्बर्ट?"

"खाली," हिल्बर्ट म्हणाले.

"खाली म्हणजे कुठे?"

हिल्बर्टनी जरा विचार केला. "खाली," ते म्हणाले, आणि बैठक संपली.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. मिशिगनच्या आमच्या त्या भागात माणूस एक वेळ स्वतःच्या पोटदुखीबद्दल बोलायचा नाही, पण दुसऱ्याच्या ड्राइव्हवेबद्दल बोलल्याशिवाय राहायचा नाही. कोणी म्हणालं, डांबर नको, काँक्रीट घाला. कोणी म्हणालं, काँक्रीट थंडीत तडकतं. एकाच्या मेव्हण्याकडे रोलर होता. तो रोलर पाहायला लेस्टर चांगला तासभर गाडी चालवून गेला, तर रोलर होता खरा, पण लॉन दाबायचा, आणि मेव्हणा आता सल्ला देणाऱ्याशी बोलत नव्हता. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा लेस्टरला सल्ले मिळाले. डॉक्टरने तर तोंडात यंत्रं घालून ठेवल्यावर दिले, म्हणजे उलट बोलायची सोय नाही.

सल्ला दिला नाही तो एकट्या व्हर्ना प्लूगने. चर्चच्या कुंपणाच्या झुडपांपलीकडे, जरा खालच्या अंगाला तिचं घर. नवरा गेल्यापासून एकटी राहायची. आयुष्यभर पोस्टाच्या काउंटरवर बसलेली, त्यामुळे रांगेत न आलेल्या माणसाकडे बघायची तिची एक खास नजर होती. त्या नजरेने तिने लेस्टरला कॉफीच्या भांड्याशी गाठलं.

"डांबर घालताय म्हणे. म्हणजे आता पाणी माझ्या तळघरात आणखी लवकर पोचेल."

"व्हर्ना, तुझ्या तळघरातलं पाणी चर्चचं नाही."

"मग कोणाचं? मेथडिस्टांचं?"

मेथडिस्टांचं चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, त्यामुळे पाणी त्यांच्यावर ढकलणंही जमण्यासारखं नव्हतं.

"इतकी वर्षं विश्वस्तांना सांगतेय मी," ती म्हणाली.

"त्यावर आम्ही प्रार्थना केली होती. मला आठवतंय."

"मलाही आठवतंय. त्या आठवड्यात माझा तळघरातला पंप एकदाही थांबला नाही."

लेस्टरने हे मनावर घेतलं नाही. उपमुख्याध्यापकाला तक्रारी ऐकायची सवय असते, म्हणजे न ऐकायची.

घोडं अडलं ते परवानगीसाठी टाउनशिपच्या कचेरीत गेल्यावर. खिडकीतल्या मुलीने नकाशा पाहिला आणि विचारलं, "पाण्याचं काय?"

"कुठलं पाणी?"

"पावसाचं. आता तिथे खडी आहे, तीत ते मुरतं. डांबरात मुरत नाही. मग ते कुठे जाणार?"

पाऊस आपल्या अखत्यारीत येतो हे लेस्टरला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरी आला तो तोंड पाडूनच. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. छपरावर चार थेंब पडले की तो उठून खिडकीशी उभा राहायचा. रस्त्याने जाताना त्याला माणसं दिसेनाशी झाली, नुसते उतार दिसू लागले.

"जेवताना तरी खाली बघू नकोस," ट्रूडी म्हणाली.

"टेबल एका बाजूला कललंय, तुझ्या लक्षात आलंय का?"

ट्रूडीने त्याचं सूप त्याच्याकडून उचललं आणि कललेल्या बाजूला नेऊन ठेवलं.

मग टॉड नावाचा इंजिनिअर आला. तो सगळंच फार आनंदाने सांगायचा. डांबरावरचं पाणी अडवायला चर्चला एक तळं खणावं लागेल, असं त्याने आनंदाने सांगितलं. तळं पार्किंगच्या कोपऱ्यात येईल. तळ्यामुळे काही गाड्यांची जागा जाईल. तेवढी जागा हिरवळीकडून घ्यावी लागेल. हिरवळीवर डांबर आलं की पाणी वाढेल. पाणी वाढलं की तळं वाढवावं लागेल.

"आणि तळं वाढलं की आणखी गाड्यांची जागा जाईल," लेस्टर म्हणाला.

"बरोबर ओळखलंत," टॉड म्हणाला.

लेस्टरने एके काळी भूमिती शिकवली होती. हे प्रकरण कुठे चाललंय ते त्याला स्पष्ट दिसत होतं. या हिशेबाने शेवटी चर्च उरणार नव्हतं. एक मोठं तळं उरणार होतं, आणि त्या तळ्याला पुरेसं पार्किंग.

यातून सुटायचा एकच मार्ग होता, गाड्यांच्या जागा कमी दाखवणं. पण नियमाप्रमाणे जागा ठरतात त्या बाकांच्या लांबीवरून, माणसांवरून नाही. टाउनशिपने बाकं मोजली तेव्हा चर्चला दर रविवारी इतकी माणसं येतात असं निघालं की पास्टर होकस्ट्रांचे डोळे भरून आले. खरी माणसं त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती, आणि जी होती ती सगळी मागच्या बाकांवर बसायची. लेस्टरने पुढची चार बाकं काढायचा ठराव मांडला. त्या बाकांवर कोणी बसल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं. तरीही ठराव मांडल्याबरोबर निम्म्या गावाचे आजोबा त्या बाकांवर बसून गेले असल्याचं निघालं. दोन घरांनी लेस्टरशी बोलणं टाकलं. बाकं मात्र निघाली, आणि कागदावरच्या तळ्याचा आकार चर्चहून लहान झाला.

नियोजन मंडळाची पहिली सुनावणी जुलैत होती. मंडळाची अध्यक्ष होती ब्रेंडा कायपर. ही ब्रेंडा शाळेत रोज उशिरा यायची आणि रोज लेस्टरच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर बसायची. आता ती मधल्या मोठ्या खुर्चीत बसली होती आणि लेस्टर समोर उभा होता. तिने सातच्या ठोक्याला हातोडी आपटली. लेस्टर नेमका तेव्हा दारातून आत येत होता.

"बसून घ्या, मिस्टर बाउमा," ती म्हणाली. आवाजात कुठेही खोच नव्हती, आणि त्यामुळेच ते त्याला जास्त लागलं.

टॉडने नकाशा दाखवला. जमिनीचा उतार रस्त्याकडे आहे, तेव्हा चर्चचं पाणी रस्त्याकडेच्या चरात जातं, असं त्याने आनंदाने सांगितलं. मग व्हर्ना उठली. "ते माझ्या तळघरात जातं," ती म्हणाली आणि पुन्हा बसली.

लेस्टर उठला. कॉरिडॉरमधला आवाज काढून म्हणाला, "नकाशावर तर तसं काही दिसत नाही."

"मग पावसात माझ्या तळघरात येऊन बस. नकाशा घेऊन ये."

सभागृहात खसखस पिकली. ब्रेंडाने हातोडी उचलली, पण आपटली नाही. "मंडळाला तळघरात बसता येणार नाही," ती म्हणाली, "पण अर्जदाराला येईल. मिस्टर बाउमा, पुढच्या पावसात तुम्ही तिथे जाऊन पाहा आणि काय दिसलं ते मंडळाला सांगा. तोवर प्रकरण पुढे ढकललं आहे."

उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्याला शिक्षा म्हणून तळघरात बसायला सांगितलं होतं.  घरी जाताना गाडीत ट्रूडी खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

आणि त्यानंतर पाऊस गेला. जून महिनाभर ज्याच्या भीतीने लेस्टर जागा राहिला त्याची आता तो चातकासारखी वाट बघू लागला. मका सुकला, हिरवळ करपली. अर्जावर निर्णय नाही म्हणून काम नाही, आणि थंडी पडली की डांबराचे कारखाने बंद. चर्चमध्ये शेतकरी पावसासाठी प्रार्थना करत होते तेव्हा लेस्टरही मनापासून सामील झाला. त्याच्या प्रार्थनेत फक्त एक बारीक अट होती, पाऊस पुष्कळ पडावा पण उतार रस्त्याकडे असावा.

पाऊस आला तो सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, हिल्बर्ट डायकेमांच्या नातीच्या लग्नात. लग्न लागलं होतं, हॉलमध्ये हॅम आणि बटाट्याचं सॅलड वाढणं चालू होतं, आणि बाहेर आभाळ फाटलं. लेस्टरचा फोन वाजला.

"आलं," व्हर्ना म्हणाली आणि फोन ठेवला.

लेस्टर नव्या सुटात तसाच झुडपांतून पलीकडे घुसला. एक बाही झुडपातच अडकून उसवली. तळघरात व्हर्नाने दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि बशीत बदामाची बिस्किटं. सिनेमाला बसावं तसे दोघे भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीच्या खालच्या फटीतून पाणी येत होतं. थेंब थेंब नाही, नळ उघडा राहावा तसं. कोपऱ्यातला पंप धापा टाकत होता. नवऱ्याचं सुतारकामाचं टेबल तिने विटांवर चढवून ठेवलं होतं, आणि विटांनाही शेवाळ धरलं होतं. पायऱ्यांशी ओल्या चादरींचे बोळे पडले होते.

"किती वर्षं चाललंय हे?" लेस्टरने विचारलं.

"मी सांगत होते तेवढी."

 तरी अध्यक्षपण सुटेना. "पण हे जमिनीतलं, झऱ्याचं पाणीही असू शकेल."

व्हर्ना उठली, वर गेली आणि हिरव्या रंगाची बाटली घेऊन आली. नाताळच्या बिस्किटांवर घालायचा रंग. "हे तुमच्या पार्किंगमध्ये ओत. इथे मी बसते."

लेस्टर पुन्हा झुडपांतून गेला. ज्या खड्ड्यात मिसेस हाउटमन यांचा बूट गेला होता त्याचं आता डबकं झालं होतं. चार थेंब टाकायचे असा त्याचा बेत होता. हात ओले, बाटलीचं बूच सैल. सगळी बाटली डबक्यात रिकामी झाली आणि डबकं असं हिरवंगार झालं की त्याच्याकडे बघवेना.

नेमकी तेव्हाच पावसाने उघडीप दिली. आणि नेमकं तेव्हाच फोटोग्राफरला वाटलं की धुतल्या उजेडात बाहेर फोटो फार छान येतील. केल्सी, हिल्बर्टची नात, पोशाखाचा पांढरा घोळ दोन्ही हातांत धरून, कॅमेऱ्याकडे बघत, नवऱ्याबरोबर हसत हसत थेट इकडेच येऊ लागली.

 लेस्टरच्या तोंडून जन्मभराच्या सवयीने निघालं, "तिथेच थांबा."

कॉरिडॉरमधला आवाज होता तो. केल्सी त्याच्या शाळेत शिकली होती, नवराही शिकला होता. दोघं होती तिथेच ताठ उभी राहिली. केल्सीच्या हातातून घोळ सुटला. ती दोघं होती तिथे म्हणजे डबक्याच्या मध्यावर.

सगळं वऱ्हाड दारात गोळा झालं. केल्सीच्या पोशाखावर हिरवा रंग हळूहळू वर चढत होता, आणि सगळे तो चढताना बघत होते. कोणी काही बोलायच्या आत झुडपांपलीकडून व्हर्नाचा आवाज आला, अगदी शांत, पोस्टात नंबर पुकारावा तसा.

"लेस्टर, हिरवं आलं."

नवरी हसली, हे तिचे उपकार. तिच्या आईने मात्र लेस्टरकडे जे पाहिलं ते पाहून तो पुढचे काही दिवस मागच्या गल्लीने घरी जात होता.

टॉडने सोमवारी खणून पाहिलं. चर्च होण्याआधी तिथे शेत होतं, आणि त्या शेताचं पाणी काढायला पुरलेली मातीची जुनी नळी डबक्याखालून निघून व्हर्नाच्या भिंतीशी येऊन फुटली होती. कुठल्याही नकाशात नव्हती. टॉड पहिल्यांदाच आनंदी दिसला नाही.

दुसऱ्या सुनावणीआधी पास्टर होकस्ट्रा लेस्टरकडे आले. ट्रूडीने दिलेला अ‍ॅपल पाय त्यांनी शांतपणे संपवला आणि मग घसा साफ केला.

"डांबराचा हंगाम संपत आलाय, लेस्टर. ती नळी मंडळापुढे आली तर सगळा आराखडा नव्याने करावा लागेल. काम पुढच्या वर्षावर जाईल. लोक आत्ताच कुरकुरताहेत. खोटं बोल असं मी अर्थातच म्हणत नाही."

"अर्थातच."

"थोडी ओल आढळली, असंही म्हणता येतं. रंगाचा उल्लेख आवश्यकच आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे."

पास्टर गेल्यावर लेस्टर स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. ट्रूडी भांडी पुसत होती. "पास्टरच म्हणतायत," तो म्हणाला.

"पास्टर तळघरात बसले होते का?" तिने विचारलं आणि ओलं फडकं त्याच्या हातात दिलं.

सभागृहात त्या दिवशी अर्धं चर्च आलं होतं. पुढच्या रांगा सवयीप्रमाणे रिकाम्या होत्या. लेस्टर उठला. भाषण चांगलं तयार केलं होतं, पण समोर आल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मी बसलो तळघरात," तो म्हणाला. "पाणी आमचं आहे. ते हिरवं होतं."

मागून कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. लेस्टरला आता थांबणं शक्य नव्हतं. "व्हर्ना आम्हाला सांगत होती. आम्ही ऐकलं नाही. मी तर नकाशा दाखवला. आधी तिच्याकडे जाणारं पाणी बंद करू द्या, तळं खणू द्या. डांबराचं पुढच्या वर्षी बघू."

हिल्बर्ट डायकेमा काठीवर रेलून उठले. लेस्टरला वाटलं, आता हिरव्या पोशाखाचा विषय निघणार.

"पाणी खाली जातं, हे मी म्हणालो होतो," हिल्बर्ट म्हणाले. "खाली म्हणजे व्हर्नाकडे, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही." आणि ते बसले.

ब्रेंडाने सचिवाला नोंद घ्यायला सांगितली. फक्त निचऱ्याचं काम मंजूर झालं. थंडी पडायच्या आत जुनी नळी उपटली गेली आणि कोपऱ्यात तळं झालं. असं देखणं तळं त्या पंचक्रोशीत कोणाकडे नव्हतं, आणि त्याच्या काठी असं भिकार पार्किंगही नव्हतं. हिवाळाभर लोक चिखलातून चर्चमध्ये येत राहिले आणि लेस्टरला पाहिलं की मुद्दाम बूट झटकत. कॉफीच्या टेबलाशी तो उभा राहिला की शेजारची जागा रिकामी व्हायची. ट्रूडी म्हणाली, "तुला हवा होता ना रिकामा कॉरिडॉर." तो हसला नाही.

डांबराची सुनावणी एप्रिलमध्ये आली. टॉडने नवा आराखडा मांडला. सगळं नियमात बसत होतं. ब्रेंडाने सभागृहाकडे पाहिलं. "कोणाला काही म्हणायचंय?"

व्हर्ना उठली.

 पास्टरनी डोळे मिटून घेतले.

"तळघर कोरडं आहे," व्हर्ना म्हणाली. "पंप आता काढून ठेवलाय. टेबलही खाली घेतलं. पण तुमच्या त्या तळ्यात बेडूक झालेत. संध्याकाळपासून जे सुरू होतात ते थांबत नाहीत."

मंडळातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण नियमांचं पुस्तक उघडून बेडूक शोधू लागला. लेस्टरला डोळ्यांपुढे बेडकांचा तज्ज्ञ दिसला, बेडकांचा आराखडा दिसला, संपलेला आणखी एक हंगाम दिसला.

"ही तुमची हरकत आहे का, मिसेस प्लूग?" ब्रेंडाने विचारलं.

"हरकत नाही. घाला डांबर. फक्त मी सांगितलं एवढी नोंद घ्या."

ब्रेंडा सचिवाकडे वळली. "घ्या नोंद."

"किती बेडूक म्हणून लिहू?" सचिवाने विचारलं.

"पुष्कळ," व्हर्ना म्हणाली.

मग मतं घेतली. सगळे हात वर गेले. हातोडी आपटायच्या आधी ब्रेंडा थांबली. "मिस्टर बाउमा, बेडकांबद्दल अर्जदाराला काही म्हणायचंय?"

लेस्टर उभा राहिला. नकाशा त्याच्या हातात होता, तो त्याने खुर्चीवर ठेवला.

"मी उद्या जाऊन ऐकून येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आणि ट्रूडी व्हर्नाच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसले. व्हर्नाने कॉफी आणली. अंधार पडू लागला तसा झुडपांपलीकडून आवाज सुरू झाला, आधी एक, मग दोन, मग मोजता येईनात इतके. तिघांनाही बोलणं अशक्य झालं. लेस्टरने व्हर्नाकडे वळून मान डोलावली.

पुष्कळ होते.